गार लागलं तर हात वर करा

माझ्या पायाला भिंगरी आहे असं आई म्हणते, आणि ते खोटं नाही. जेवताना मी दोनदा उठते, फोनवर बोलताना घरभर फिरते, कोणी सावकाश बोलायला लागलं की त्याचं वाक्य मीच पुरं करते. असल्या माणसाने दातांचं डॉक्टर होऊन तासन्‌तास स्टुलावर बसावं, हे कसं काय झालं ते मलाही नीटसं सांगता येणार नाही. त्यातून पदव्युत्तर शिक्षणाला प्रबंधाचा विषय मिळाला तोही वाट बघण्याचा.

विषय होता दाताच्या आतल्या नसेचा. पुस्तकात तिला दंतमज्जा म्हणतात, पण खुर्चीवर बसलेलं कुणीच तसं म्हणत नाही. कीड खोल गेली, दात ठणकायला लागला की आमच्याकडे दोनच वाटा असतात. दात काढायचा, नाहीतर रूट कॅनल करायचं. रूट कॅनलमध्ये आतली नस सगळी काढून टाकतात, मुळांच्या नळ्या साफ करून भरतात. दात वापरता येतो, पण त्याला आतून काही कळत नाही. आमचा अभ्यास त्याच्या आधीच्या पायरीवर होता. कीड नसेपर्यंत पोचली म्हणून सगळी नस वाया जाते असं नाही. वरचा सुजलेला तुकडा तेवढा काढायचा, त्यावर औषधी सिमेंट बसवायचं, दात बंद करायचा. मग तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी आणि वर्षाने तपासायचं, की नस जगली का मेली. मधल्या काळात आपण काही करायचं नसतं. तेच मला जमत नव्हतं.

कॉलेजचा एक छोटा दवाखाना दहिवलीत होता. एक खुर्ची, एक एक्स-रेचं यंत्र आणि एक फ्रीज. आठवड्यातले तीन दिवस माझी पाळी असायची. पेशंट यायचे ते दुखलं की. दुखायचं थांबलं की पुन्हा तोंड दाखवायला येत नसत, आणि माझा सगळा अभ्यास तर दुखायचं थांबलेल्यांवर होता. फोन केला की उत्तर ठरलेलं, आता काय दुखत नाय, तर येऊ कशाला. मग मी दात तपासायच्या बर्फाच्या कांड्या थर्मासमध्ये घालून स्कूटरवरून कर्जत ते खालापूर गावोगाव त्यांना गाठत फिरायचे. कुणाला भाताच्या खळ्यावर तपासलं, कुणाला बस स्टॉपवर. सगळ्या प्रबंधात मला हा भाग फार आवडायचा, कारण त्यात बसावं लागत नव्हतं.

माझे वडील साजगावच्या एका कारखान्यातून आदल्या वर्षी निवृत्त झाले होते. पत्रा कापायच्या प्रेसवर त्यांचा सगळा जन्म गेला. माणूस शांत, ठरल्या जागेचा. जेवायला डावा खांदा भिंतीला लावून बसणार, विहारात वंदनेलाही डाव्या भिंतीशीच बसणार, चालताना नेहमी माझ्या डाव्या हाताला चालणार. आई स्वयंपाकघरातून हाका मारून दमायची आणि ते ढिम्म हलायचे नाहीत. ऐकून न ऐकल्यासारखं करतात, असा तिचा जुना वाद. त्यांनी उलटून उत्तर दिल्याचं मला आठवत नाही. त्यांनी डोकं दुखतं म्हटल्याचंही आठवत नाही.

त्यांच्या उजव्या बाजूच्या खालच्या दाढा कधीच गेल्या होत्या. दाढांच्या अलीकडचा एक दात राहिला होता आणि त्या बाजूने भाकरी चावायची ती त्याच्या जिवावर. तोही किडला. मी तपासला, तो आमच्या अभ्यासात बसत होता. मॅडमना, म्हणजे माझ्या मार्गदर्शक प्राध्यापिकांना, विचारलं. त्या म्हणाल्या, घरचा पेशंट घ्यायला हरकत नाही, सही घे, पण नियम एकही मोडू नकोस, घरच्यांच्या बाबतीत हात जरा जास्त भरभर चालतो. मी मान डोलावली. पप्पांनी फॉर्मवर सही केली. त्यांनी तो वाचला नाही आणि मीही समजावून सांगितला नाही. लेक डॉक्टर आहे म्हणजे झालं, असं दोघांनीही गृहीत धरलं.

दात छान झाला. निदान मला तसं वाटलं. तो वाचावा असं मला इतकं वाटत होतं की घरी मी त्यांच्या ताटाकडे बघत बसायचे. ते सुकटीची चटणी आणि तांदळाची भाकरी त्या बाजूने चावतात का, एवढंच मी बघायचे. तीन महिन्यांनंतरच्या तपासणीला त्यांना ताप होता म्हणून ती हुकली. सहा महिन्यांची मात्र मी हुकू देणार नव्हते.

नस जिवंत आहे का हे बघायची रीत साधी आहे. सुईच्या प्लॅस्टिकच्या टोपणात पाणी भरून फ्रीजमध्ये ठेवलं की बर्फाची बारीक कांडी तयार होते. ती आधी पेशंटच्या एखाद्या चांगल्या दाताला लावायची, म्हणजे त्याला गार लागतं म्हणजे कसं लागतं ते कळतं आणि आपल्यालाही. मग उपचार केलेल्या दाताला लावायची. गार लागलं तर नस जिवंत. काहीच कळलं नाही तर शंका घ्यायची.

त्या दिवशी मला खालापूरच्या बाजूला एका बाईंना गाठायचं होतं. त्या चारच्या शिफ्टला निघायच्या आत गाठायच्या होत्या. पप्पा खुर्चीवर आडवे झाले आणि माझं अर्धं लक्ष घड्याळात होतं. चांगल्या दाताची तपासणी मी गाळली. एक मिनिटाचं काम, पण गाळली. थेट त्याच दाताला कांडी लावली आणि विचारलं, "काही होतंय का?"

"काय नाय," पप्पा म्हणाले.

पुन्हा लावली. पुन्हा तेच, काय नाय. एक्स-रे काढला तर मुळाच्या टोकाजवळ काळसर डाग. आता त्या जागी जबड्याच्या हाडात एक भोक प्रत्येकालाच असतं, त्यातून ओठाकडे नस जाते, आणि फोटोत ते हुबेहूब डागासारखं दिसतं. हे मला पाठ होतं. परीक्षेत त्यावर मी पानभर लिहून आले होते. पण बर्फ कळत नाही आणि वर हा डाग, एवढ्यावर माझं ठरून गेलं की नस मेली. मला अशा वेळी रडू येत नाही, राग येतो. त्या दाताचा राग आला, सिमेंटचा आला, आणि थोडासा पप्पांचाही आला, त्यांनी काहीतरी कडक चावलं असणार म्हणून.

त्यांना सांगितलं की रूट कॅनल करावं लागेल. ते म्हणाले, कर. मेलेल्या दाताला सुन्न करायची गरज नसते. मी इंजेक्शन दिलं नाही.

मशीन चालू केलं. सिमेंट फुटलं, आत शिरले, नळी खरवडायची सुईसारखी बारीक फाईल घेऊन आत घातली. पप्पा गप्प होते. हात खुर्चीच्या दांड्यांवर मोकळे सोडलेले, तोंड उघडं, डोळे मिटलेले. मी फाईल बाहेर काढली तर तिच्याबरोबर रक्त आलं. मेलेल्या नसेतून येतो तो घाण वास, किंवा मग काहीच येत नाही. हे लालभडक ताजं रक्त होतं. मी हात मागे घेतला आणि तेव्हा पहिल्यांदा माझी नजर खुर्चीच्या पायथ्याशी गेली. पप्पा चपला दाराबाहेर काढून येतात, आमच्या दवाखान्यात सगळेच तसं करतात. त्यांच्या अनवाणी पायांची बोटं आत वळली होती, इतकी घट्ट की नखं पांढरी पडली होती. डोळ्यातून पाणी निघून कानात चाललं होतं.

"पप्पा, दुखतंय?"

"काय नाय गं. तू कर तुजं."

मग मी इंजेक्शन दिलं. मग जे करणं भाग होतं ते केलं, कारण फाईल मुळापर्यंत गेली होती आणि नस फाटली होती. सहा महिने जगलेली चांगली नस मी स्वतःच्या हाताने ओढून काढली. बोटं सफाईने चालत होती, त्याची मला लाज वाटली. खालापूरच्या बाईंकडे मी गेले नाही.

घरी जाताना शिळफाट्यावर स्कूटर थांबवली. हॉटेलात बसलो, बसताना पप्पांनी सवयीने भिंतीकडची जागा घेतली. ओठ अर्धा बधिर होता, त्यामुळे बशीतला चहा त्यांच्या हनुवटीवरून शर्टवर ओघळत होता आणि ते तो रुमालाने टिपत होते. मी विचारलं, बर्फ लावला तेव्हा खरंच काही झालं नव्हतं का. त्यांनी चहा संपवला. मग म्हणाले, झिणझिण आलेली. ताक पितानासुद्धा यायची. म्हणून ते डावीकडून प्यायचे.

"मग नाही का म्हणालात?"

"अगं, कंपनीत दरवर्साला डॉक्टर यायचा. काय तरास हाय का, इचारायचा. हाय बोल्ला त्याला दुसऱ्या दिशी गेटवर थांबवायचे. कायम व्हायच्या आधी बारा वर्सं मी 'नाय'च बोल्लोय. आता तोंडातनं तेच येतं." रुमालाची घडी घालत म्हणाले, "आनि दुखतं बोल्लो असतो तर तुजं फेल झालं असतं ना."

मी टेबलावर हात आपटला. शेजारच्या टेबलावरची माणसं बघायला लागली. मी पप्पांना सांगितलं, अहो, गार लागणं म्हणजेच पास. गार लागलं म्हणजे नस जिवंत, तेच तर मला हवं होतं. नाही म्हणालात म्हणून मी दात उघडला. त्यांना पहिल्यांदाच कळत होतं की त्या सहा महिन्यांत त्यांच्या तोंडात काय चाललं होतं.

"मंग तसं सांगायचं नं गं आधी," ते म्हणाले, आणि त्यात तक्रार नव्हती. मला ती हवी होती. त्यांनी एक शिवी जरी दिली असती तरी मी सुटले असते.

मॅडमना सांगताना मी उभीच होते. त्यांनी फोटो दिव्यासमोर धरला आणि एका सेकंदात म्हणाल्या, हे हाडातलं भोक आहे. मला माहीत होतं. चांगला दात आधी तपासला का, हे त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं. त्या ओरडल्या नाहीत. ही केस तपासणाऱ्याच्या चुकीमुळे गेली असं स्पष्ट लिहायचं, एवढं बोलल्या. मग त्यांनी माझी वही पुढे ओढली आणि जिथे जिथे 'गार कळत नाही' असं लिहिलं होतं तिथे पेन्सिलने खुणा करायला लागल्या. यातले किती जण तुझ्या वडिलांसारखे आहेत, हे तुला माहीत आहे का? मला माहीत नव्हतं. काही दात मी उघडायच्या बेतात होते. त्यांच्या तारखा दिलेल्या होत्या.

पुढचे दोन महिने मी त्या खुणांच्या मागे धावत होते. या वेळी प्रश्न बदलला. आधी समजावून सांगायचे की दाताला गार लागलं तर तो जिवंत आहे, चांगलं आहे, गार लागलं तर हात वर करा. सगळ्यांनी हात वर केले. पहिल्या दिवशी मला इतका आनंद झाला की मी स्कूटरवर मोठ्याने गात आले. तिसऱ्या दिवशी खालापूरजवळच्या एका गावात एक म्हातारी ओटीवर बसली होती. मी दात पुसायला नुसता कोरडा कापूस लावला, थर्मासचं झाकणही उघडलं नव्हतं, तर तिने हात ताडकन वर केला. मी म्हटलं, आजी, अजून बर्फ लावलाच नाही. ती म्हणाली, असूं दे गं बाय, जित्ता हाय बोल, लांबून आलीयस.

मी ओटीच्या पायरीवर बसून हसले आणि मग हसता हसता माझं डोकं भणभणलं. आधी डॉक्टरला बरं वाटावं म्हणून सगळे नाही म्हणत होते, आता डॉक्टरला बरं वाटावं म्हणून सगळे हो म्हणत होते. मला त्या म्हातारीचा राग आला आणि तिने दिलेला गूळही मी खाल्ला. दुसऱ्यांदा कापूस लावला तेव्हा माझी नजर आपोआप तिच्या पायांकडे गेली. पाय ढिले होते, हात मात्र वर. मग बर्फ लावला. हात वर गेला आणि त्याच क्षणी उजव्या पायाचा अंगठा आत वळला. तिला न विचारता वळला.

तेव्हापासून मी असं करते. आधी कोरडा कापूस, मग चांगला दात, मग आपला दात, आणि नजर पायांवर. बूटमोजे घातलेल्यांना ते काढायला लावते, लोक गोंधळतात. प्रबंधात पायांच्या बोटांबद्दल लिहायला मॅडमनी परवानगी दिली नाही. कापसाबद्दल दिली. वहीतल्या खुणांपैकी काही दात खरोखर मेलेले निघाले, आणि काही, जे मी उघडणार होते, ते जिवंत होते. पुढचं मी मोजलं, लिहिलं, सादर केलं. पण मला झोपताना आठवायचा तो एकच दात, आणि त्याची आता कसलीच तपासणी करायची राहिली नव्हती.

मग पप्पांच्या डाव्या बाजूच्या दाढेत कीड सापडली. उजवीकडे रूट कॅनल झाल्यापासून ते सगळं डावीकडूनच चावत होते आणि तिथेही खोल गेली होती. त्यांनी ती दाखवलीसुद्धा नाही, ते जांभई देत असताना मीच पाहिली. मॅडम म्हणाल्या, दुसऱ्या कुणाकडून करून घे. पप्पा म्हणाले, हिच्याकडनंच करनार. मी नको म्हणून पाहिलं. त्यांनी चपला काढल्या आणि खुर्चीवर जाऊन आडवे झाले.

या वेळी मी फॉर्म वाचून दाखवला, ओळ न्‌ ओळ. नस म्हणजे काय ते कागदावर काढून दाखवलं. वरचा तुकडा काढला, रक्त थांबायची वाट बघितली, सिमेंट बसवलं. पुढचे तीन महिने मी घरात कुणाला सुखाने पाणी पिऊ दिलं नाही. पप्पांनी ग्लास उचलला की माझी मान वर. शेवटी आई वैतागली, म्हणाली, त्यांच्या तोंडाकडं बघायचं बंद कर आनि गप जेव. मी जेवायचे आणि तरी बघायचे. आपल्याच माणसाचा दुसराही दात आपल्या हातून जाईल ही भीती मला आतून कुरतडत होती, आणि ते मी कुणालाही सांगितलं नव्हतं. त्या बाबतीत मी त्यांच्याच वळणावर गेले आहे.

तीन महिने झाले त्या दुपारी दवाखान्यात आम्ही दोघंच होतो. घड्याळ मी काढून टेबलाच्या खणात ठेवलं होतं. कोरडा कापूस लावला. हात खाली, पाय ढिले. वरच्या चांगल्या दाताला बर्फ लावला. हात वर, बोटं वळली. मी कांडी बदलली. कोपर खुर्चीला टेकवलं आणि त्या दाढेला बर्फ लावला.

पायाची बोटं वळली. हात वर गेला. "लागलं," पप्पा म्हणाले, "गार हाय." मग जरा रागानेच म्हणाले, "लई गार हाय, काढ आता."

मी काढला. मला त्यांच्या पोटावर डोकं ठेवून रडावंसं वाटत होतं आणि मी वहीत लिहीत होते. खुर्ची सरळ करायला बटणाकडे हात नेला तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"आजून एक हाय," ते म्हणाले. "कंपनीत कानाचीपन तपासनी व्हायची. कानाला ते लावायचे, आवाज आला का हात वर करायचा. मी डॉक्टरच्या बोटाकडं बघायचो. त्यानं बटन दाबलं का हात वर करायचो."

मला आधी कळलंच नाही. मी विचारलं, कुठला कान.

"डावा. मशीन त्याच बाजूला हुती. तू शाळंत जायचीस तवापासनं."

त्यांनी माझा हात सोडला आणि पुन्हा मान टेकवली. एक काम उरकल्यासारखे ते दिसत होते. मी उजव्या बाजूच्या स्टुलावर बसले होते, जिथे आम्ही सगळे डॉक्टर बसतो, जिथे घरीही मी नेहमी असायचे. मला भिंती आठवल्या, आईच्या हाका आठवल्या. मी उठले. खुर्चीला वळसा घालून त्यांच्या डाव्या बाजूला गेले, कानाशी वाकले आणि हलक्या आवाजात म्हटलं, "पप्पा."

ते समोरच्या दिव्याकडे बघत राहिले.